डबल क्लिक केलं की उघडलं पाहिजे

केडगावच्या कांदा बाजारातले गाळे, आसपासची गुऱ्हाळं, दूध संकलन केंद्रं आणि एखाददुसरा भुईकाटा अशी माझी गिऱ्हाइकं. त्यांच्यासाठी मी पट्टीचे (म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचे), वजनाचे, दहा दिवसांच्या बिलांचे छोटे प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहितो. प्रोग्रॅम लिहिणं हल्ली पुष्कळ जणांना येतं. दौंड, वरवंड, बारामतीच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुलं माझ्यापेक्षा झपाट्यानं लिहितात. पण तोच प्रोग्रॅम दुसऱ्याच्या टेबलावरच्या जुन्या मशीनवर, नेट नसताना, आपण शेजारी नसताना रोज सकाळी उघडेल अशा रीतीनं बांधून देणं कुठल्या अभ्यासक्रमात दिसत नाही. मुलं विचारायला येतात तेव्हा जे सांगतो, ते इथे लिहून ठेवतो आहे.

१. गिऱ्हाइकाला पायथनचं नावही माहीत असायची गरज नसावी.

पायथन, पर्ल, रुबी, जावास्क्रिप्ट या इंटरप्रिटरवर चालणाऱ्या भाषा. आपण लिहिलेली फाइल नुसती ठेवली तर काही करत नाही. ती वाचून त्याप्रमाणे काम करणारा इंटरप्रिटर मशीनवर लागतो, शिवाय आपण वापरलेल्या सगळ्या लायब्ऱ्या लागतात. आपल्या लॅपटॉपवर हे सगळं असतं म्हणून जाणवत नाही. गाळ्यावर हिशोब बघणाऱ्या मुनीमकाकांच्या मशीनवर यातलं काहीच नसतं. बाहेर ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग लागलेली असताना त्यांना 'आधी पायथन डाउनलोड करा, मग काळी खिडकी उघडून ही ओळ टाइप करा' असं सांगता येत नाही, आणि सांगूही नये. ते त्यांचं काम नाही.

म्हणून पायइन्स्टॉलरसारखं साधन वापरायचं. त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते पायथनचा कोड मशीनच्या भाषेत बदलत नाही. ते इंटरप्रिटर, लागणाऱ्या लायब्ऱ्या आणि आपल्या कोडचा बाइटकोड एकत्र बांधतं आणि पुढे सी भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम लावतं. डबल क्लिक केल्यावर आधी हा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. न्युइट्का हे साधन मात्र खरोखर सी भाषेतून जातं. ते चांगलं आहे, पण बांधायला वेळ खातं आणि सी कंपायलर मागतं. माझ्या कामाला पायइन्स्टॉलर पुरतं.

ही अडचण आजची नाही. डीबेसमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम ज्याच्याकडे डीबेस नाही त्याला देता यावेत म्हणून १९८५ मध्ये क्लिपर आलं. फॉक्सप्रोची एक्सई दिली तरी सोबत त्याच्या रनटाइमच्या फाइली द्याव्या लागायच्या. पतसंस्थांमध्ये काम केलेल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल. आणि ड्रॉपबॉक्सचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम पायथनमध्येच लिहिलेला होता. पायथन बनवणारे खिदो वान रॉसम २०१३ ते २०१९ या काळात त्याच कंपनीत होते. कोट्यवधी लोकांनी तो वापरला आणि आत काय आहे याची चौकशी कुणाला करावी लागली नाही. आपलं कामही तसंच उतरलं पाहिजे.

२. एकच फाइल देण्याचा मोह आवरा.

पायइन्स्टॉलर दोन प्रकारे बांधून देतं: एक फोल्डर, किंवा सगळं पोटात घेतलेली एकच एक्सई. नवीन मुलांना एकच फाइल आवडते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की झालं, असं वाटतं. पण ती फाइल उघडते कशी ते बघा. दर वेळी ती आपल्या पोटातला सगळा माल विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये काढते, तिथून चालते आणि बंद होताना ते फोल्डर पुसून टाकते. दर वजनाला गोणी उसवून कांदा ओतायचा आणि वजन झालं की परत भरून शिवायची, तसं हे. जुनी हार्डडिस्क असेल तर उघडायलाच अर्धं मिनिट जातं.

या अर्ध्या मिनिटात गाळ्यावर काय होतं ते मी उभं राहून पाहिलेलं आहे. लिलाव सुटलेला, पहिलं वक्कल काट्यावर. मुनीमकाका डबल क्लिक करतात. पडद्यावर काही हलत नाही. माऊस नीट दाबला गेला नसेल म्हणून पुन्हा दाबतात, मग जरा जोरात पुन्हा. थोड्या वेळानं एकामागून एक तीन खिडक्या उघडतात. पहिल्या खिडकीत एका शेतकऱ्याची पट्टी, मागच्या खिडकीत दुसऱ्याची, आणि दोन्ही एकाच डेटाबेसमध्ये पट्टी क्रमांक टाकायला निघालेल्या. काकांचं यात काहीही चुकलेलं नाही. दाबलं तर काहीतरी दिसलं पाहिजे, ही माणसाची साधी अपेक्षा आहे.

दुसरी गोष्ट विजेची. बंद होताना फोल्डर पुसलं जातं, पण लाइट गेली तर प्रोग्रॅम नीट बंद होतच नाही. ते फोल्डर तसंच मागे राहतं. आमच्याकडे लाइट कशी जाते हे सांगायला नको. काही महिन्यांनी टेम्पमध्ये एमईआय या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फोल्डरांचा ढीग साचतो, सी ड्राइव्ह लाल होतो आणि मशीन स्लो झाल्याची तक्रार येते.

म्हणून फोल्डर प्रकारानं बांधा. ते फोल्डर इनो सेटअपमध्ये घाला. फुकट आहे, वर्षानुवर्षं टिकलेलं आहे. एक सेटअप फाइल तयार होते, ती एकदा चालवली की डेस्कटॉपवर मराठी नावाचा शॉर्टकट येतो. उघडताना लगेच एक छोटी पाटी दाखवा: 'सुरू होत आहे, थांबा.' आणि प्रोग्रॅम आधीच चालू असेल तर दुसरा उघडू देऊ नका. त्याच खिडकीला पुढे आणा.

३. बांधणी सर्वांत जुन्या मशीनला धरून करा.

फोन येतो, 'सर, तुमचं ते पट्टीचं उघडंना झालंय. लाल फुली आलीय.' काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हटलं की पलीकडून काका एकेक अक्षर लावत जातात: 'एपीआय, मग आडवी रेघ, एमएस, परत आडवी रेघ, विन...' एवढं ऐकलं की मला कळतं, मशीन विंडोज ७ चं आहे.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला. पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, ३.८ ही शेवटची. नव्या पायथननं बांधलेला प्रोग्रॅम तिथे एखादी डीएलएल नाही म्हणून जागच्या जागी अडतो. ३.८ वापरलं तरी मशीनवर मायक्रोसॉफ्टचं युनिव्हर्सल सी रनटाइमचं अपडेट असावं लागतं, आणि वर्षानुवर्षं नेटला न जोडलेल्या मशीनवर ते नसतंच. ते सेटअपमध्येच घालून द्यावं लागतं.

नवीन मशीन घ्या, असं सांगणं सोपं आहे. पण संकलन केंद्राचा गल्ला किती, हे आपल्याला माहीत असतं. त्या मशीनचं काम पट्टी काढण्यापुरतं असेल आणि ते नेटला जोडलेलं नसेल, तर मी त्यांच्यासाठी ३.८ वर वेगळी बांधणी ठेवतो. नेटला जोडलेलं असेल तर मात्र स्पष्ट सांगतो की याच्यावर बँकेचं काही करू नका. ३.८ ला स्वतःलाही २०२४ नंतर सुरक्षेची अपडेटं येत नाहीत, म्हणजे ही वाट कायमची नाही.

विंडोजची एक्सई विंडोजवरच बांधावी लागते. लिनक्सवर बसून पायइन्स्टॉलर ती देत नाही. ३२ बिटची बांधणी ६४ बिटच्या विंडोजवर चालते, उलट चालत नाही. आणि आपल्या लॅपटॉपवर चाललं, याला पुरावा समजू नका. तिथे पायथन आहेच, त्यामुळे काय राहून गेलं ते कळत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये कोरं विंडोज टाकून, त्यात काही न घालता, तिथे उघडून बघा.

४. जेवढं लागतं तेवढंच बांधा.

बेरजा-वजाबाक्यांसाठी पांडाज ओढून आणलं की बांधणी सहज शंभर एमबीच्या पुढे जाते. पट्टीला एसक्यूलाइट पुरतं आणि ते पायथनसोबतच येतं. दर प्रोग्रॅमसाठी वेगळं, स्वच्छ व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, नाहीतर लॅपटॉपवर कधीकाळी टाकलेलं काहीबाही आत शिरतं. उलटही होतं: नाव मजकुरात देऊन आयत्या वेळी उघडली जाणारी लायब्ररी पायइन्स्टॉलरला दिसत नाही आणि बाहेरच राहते. वेळेच्या पट्ट्यांचं (टाइम झोनचं) तसंच. विंडोजवर पायथनला त्याची यादी वेगळी द्यावी लागते, ती राहिली की 'आशिया/कोलकाता' सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम पडतो. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच असतं; साडेपाच तास थेट लिहून टाका, प्रश्न मिटला.

५. हिशोब प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवू नका.

प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. डेटाबेस तिथे ठेवला तर तुमच्या मशीनवर चालेल, त्यांच्या मशीनवर सेव्ह होणार नाही. एक फाइलवाली बांधणी असेल तर आणखी वाईट: डेटा टेम्पमधल्या फोल्डरमध्ये जातो आणि प्रोग्रॅम बंद झाला की त्याच्यासोबत पुसला जातो. दिवसभराच्या पट्ट्या गेल्या तर शेतकऱ्यांचे पैसे अडकतात. हिशोब प्रोग्रॅमडेटात वेगळा ठेवा, सेटअप पुन्हा चालवला तरी त्याला हात लागणार नाही हे तपासा, आणि संध्याकाळी बंद करताना पेनड्राइव्हवर प्रत काढायची सोय द्या.

६. मराठी अक्षरं सोबत न्यावी लागतात.

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, आणि आपलं निम्मं डोकं इथेच खर्ची पडतं. विंडोजवर पायथन फाइल उघडताना यूटीएफ-८ धरून चालत नाही, त्या मशीनची जुनी इंग्रजी मांडणी धरतं. शेतकऱ्याचं नाव लिहायला गेलं की प्रोग्रॅम मोडतो. फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, एकही सोडू नका.

फॉन्टचं तेच. विंडोज ७ वर मंगल असतो, ८ पासून निर्मला आला. पण पट्टीची मांडणी एका फॉन्टवर बसवायची आणि समोर दुसरा निघायचा, हे नको. मुक्त परवान्याचा मुक्ता किंवा नोटो देवनागरी बांधणीतच घाला. पीडीएफ करणाऱ्या बऱ्याच लायब्ऱ्यांना आपली जोडाक्षरं जोडता येत नाहीत: 'क्षीरसागर' छापलं की क, हलंत आणि ष सुटे पडतात, इतर नावांत पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. स्वतःचं नाव असं मोडलेलं पाहिलं की माणसाचा त्या कागदावरचा विश्वास उडतो, आणि तो उडणं बरोबरच आहे. मी क्यूटी वापरून छापतो, त्यात जोडाक्षरं नीट बसतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला तर देवनागरी चित्र म्हणूनच पाठवावी लागते. प्रत हळू निघते. त्याला इलाज नाही, आणि कार्बनची दुसरी प्रत हवी असते म्हणून तो प्रिंटर काढताही येत नाही.

जुना डेटा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, तो यूनिकोडमध्ये आणावा लागतो. हे काम वेगळं धरा.

७. प्रोग्रॅम अडला तर त्यानं मराठीत सांगावं.

काळी खिडकी लपवली की चूक कुठे झाली ते दिसतच नाही; प्रोग्रॅम गुपचूप नाहीसा होतो. ठेवली तर त्यात इंग्रजीचे ढीग येतात आणि लोक घाबरून ती बंद करतात, सोबत प्रोग्रॅमही बंद होतो. खिडकी लपवाच, पण सर्वांत वर एक जागा अशी ठेवा जिथे सुटलेली प्रत्येक चूक पकडली जाईल, फाइलमध्ये तपशिलानं लिहिली जाईल आणि पडद्यावर दोन ओळी येतील: काय झालं आणि आता काय करायचं. 'प्रिंटर बंद आहे. चालू करून पुन्हा छापा दाबा.' 'त्रुटी उद्भवली आहे' या वाक्यानं कुणाचं काही भलं होत नाही.

केडगावात राहून भाषेचा विचार करायचा तर पंडिता रमाबाई समोर येतातच. त्यांचं मुक्ती मिशन स्टेशनपासून जवळच आहे. बाई संस्कृतच्या पंडिता, हिब्रू आणि ग्रीक मुद्दाम शिकल्या, आणि एवढी विद्या असून त्यांनी बायबलचं भाषांतर केलं ते गावातल्या साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये इथल्याच छापखान्यात छापून निघालं. तिथल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले, पानं छापली. वाचणारी बाई कोण, हे आधी ठरवून सगळं काम केलेलं होतं. पडद्यावरच्या दोन ओळी लिहिताना मी तेवढं तरी विचारतो: हे वाचणार कोण आहे?

८. अँटिव्हायरस बंद करा, असं कधीही सांगू नका.

पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर जगात सगळे तोच वापरतात. व्हायरस लिहिणारेही वापरतात. त्यामुळे अँटिव्हायरसला आपली निर्दोष एक्सईही त्याच वळणाची दिसते आणि तो ती उचलून बाजूला टाकतो. पट्टी काढता काढता शॉर्टकटचं चित्र पांढरं पडतं, प्रोग्रॅम गायब. गिऱ्हाइकाला वाटतं आपणच व्हायरस आणून दिला.

यावर अनेक जण अँटिव्हायरस काढून टाकायला सांगतात. हे मला मान्य नाही. त्या मशीनमध्ये शेकडो शेतकऱ्यांचे खातेक्रमांक असतात, आणि आपल्या शब्दाखातर काढलेलं कुंपण परत कुणी लावत नाही. करण्यासारख्या गोष्टी आहेत. फोल्डर प्रकाराची बांधणी कमी वेळा अडते. यूपीएक्सनं दाबून फाइल लहान करू नका, त्यानं संशय वाढतो. बूटलोडर आपल्या मशीनवर नव्यानं कंपाइल करून घ्या, म्हणजे तो इतरांसारखा हुबेहूब राहत नाही. एक्सईत आपलं नाव आणि आवृत्ती भरा. तरीही अडली तर अँटिव्हायरस कंपनीकडे ती फाइल तपासणीला पाठवायची सोय असते, ती वापरा.

नेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक खूण लावतं, त्यामुळे निळा पडदा येऊन 'तुमचा पीसी वाचवला' असं इंग्रजीत सांगतो. ही खूण साध्या पेनड्राइव्हवरून नेलेल्या फाइलीला चिकटून येत नाही, म्हणून हातानं टाकलेल्या ठिकाणी तो पडदा दिसत नाही. बाहेरगावी पाठवायचं असेल तर डिजिटल सही हा खरा मार्ग. १ जून २०२३ पासून त्या सहीची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, आणि दरवर्षी बऱ्यापैकी पैसे पडतात. सही केली तरी नव्या नावाचा लौकिक विंडोजकडे हळूहळूच तयार होतो. गिऱ्हाइकं मोजकी असतील तर स्वतः जाऊन टाकून या.

९. दर आणि कपाती एक्सईच्या बाहेर ठेवा.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. पट्टीतली एक कपात एका निर्णयानं जागा बदलून गेली. हमाली, तोलाई, वाराई यांचे आकडेही बदलत राहतात. हे आकडे कोडमध्ये असतील तर दर बदलाला नवी बांधणी, नवा सेटअप, पुन्हा अँटिव्हायरस. ते सेटिंगच्या पानावर द्या, आणि प्रत्येक दराला 'या तारखेपासून' अशी तारीख ठेवा, म्हणजे जुनी पट्टी परत छापली तरी जुन्याच दरानं निघेल.

१०. एक्सई ही तिजोरी नाही.

पायइन्स्टॉलरची बांधणी उकलणारी साधनं फुकट मिळतात आणि बाइटकोडवरून कोड बराचसा परत उभा करता येतो. पायइन्स्टॉलरमध्ये बाइटकोड किल्लीनं झाकायची सोय होती, ती सहाव्या आवृत्तीपासून काढून टाकली, कारण ती किल्लीही त्याच फाइलीत असायची. एसएमएस सेवेचा पासवर्ड, सर्व्हरची किल्ली यातलं काही आत घालू नका.

११. काही गोष्टी बांधताच येत नाहीत. त्यांची यादी करून न्या.

काट्याची वायर सिरियल पोर्टची, आणि आजच्या मशीनला तो पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीची जोडणी येते. तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये बसतो, आपल्या फोल्डरमध्ये नाही. नकली चिपची जोडणी असेल तर नवा ड्रायव्हर तिला ओळखायला नकार देतो. झाडलोट करताना कुणी ती वायर शेजारच्या भोकात लावली तर कॉम तीनचा कॉम पाच होतो आणि वजन येणं थांबतं. पोर्टचा आकडा पक्का लिहू नका. प्रोग्रॅमनं सगळे पोर्ट चाळून काटा कुठे बोलतोय ते स्वतः शोधावं, आणि सापडलाच नाही तर वजन हातानं टाकू द्यावं, पट्टीवर तशी नोंद करून. काटा मुका झाला म्हणून लिलाव थांबत नाही.

१२. प्रत्येकच गोष्ट बांधून देऊ नका.

दूध घालणाऱ्याला आपलं फॅट-एसएनएफ आणि दहा दिवसांचं बिल मोबाइलवर बघायचं असतं. त्याच्यासाठी एक्सईचा काही उपयोग नाही. साधं वेबपान पुरतं, आणि सुधारणा एका जागी केली की सगळ्यांना मिळते. जिथे काटा आहे, प्रिंटर आहे आणि नेट गेलं तरी काम थांबून चालणार नाही, तिथेच बांधलेला प्रोग्रॅम. हा निर्णय पहिल्या दिवशी घ्या, कोड लिहायच्या आधी.

१३. बांधणीचे पैसे वेगळे सांगा.

नवीन मुलं पट्टीचा प्रोग्रॅम लिहायचे पैसे सांगतात आणि सेटअप, जुन्या मशीनवरची तपासणी, ड्रायव्हर, फॉन्ट, अँटिव्हायरसची भानगड हे सगळं फुकटात धरतात. मग तिसऱ्या महिन्यात फोन उचलायचा कंटाळा येतो, आणि गाळेवाला पुन्हा वहीकडे वळतो. वर्षाची देखभाल ठरवून घ्या. खिडकीच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत ठेवा, म्हणजे फोनवर पहिला प्रश्न तोच विचारता येतो. दिलेला प्रत्येक सेटअप जपून ठेवा, कुठल्या पायथननं आणि कुठल्या लायब्ऱ्यांनी बांधला त्या यादीसकट. नवी आवृत्ती लिलावाच्या दिवशी टाकू नका. बाजार बंद असेल त्या दिवशी जा, जुनी पट्टी उघडून दाखवा, एक नवी पट्टी काकांच्याच हातून काढून घ्या, आणि मागची आवृत्ती परत कशी टाकायची ते त्यांच्या वहीत मराठीत लिहून द्या.